बांधावरचा हिशेब

दर एप्रिलला बाबा दोन चेक लिहायचे.
एक ओटावाच्या नावे, मुदतीच्या आठवडाभर आधी.
दुसरा त्याच करातून कापलेला,
डॉलरमागे नऊ सेंट, शांतिनिधीला.
सोबतचं पत्र मी टाइप करायचे:
'महोदय, रस्ते, शाळा, दवाखाने यांचं मी देणं लागतो.
तोफांचं नाही.
आपला नम्र, कोर्नेलियस टीसेन.'

जूनमध्ये उत्तर यायचं, व्याज लावून.
ऑगस्टमध्ये ते नऊ सेंट बँकेतून परस्पर जायचे
आणि बाबा पासबुकाच्या कडेला पेन्सिलनं लिहायचे:
नेले. दिले नाहीत.
आई म्हणायची, एवढ्याशा फरकासाठी
मला तीन हिवाळे तोच कोट.
म्हणायची, आणि टेबलावरच्या नाण्यातल्या राणीच्या तोंडावरचं
पीठ अंगठ्यानं पुसायची.

बेचाळीस साली त्यांना बोलावणं आलं होतं.
न्यायाधीशानं विचारलं,
तुझ्या आईवर कुणी हात टाकला तर?
बाबा वीस वर्षांचे. म्हणाले,
'मध्ये उभा राहीन.'
'आणि मग?'
'मग मी मध्ये असेन.'
त्यांना पश्चिमेला धाडलं, जळक्या डोंगरांवर रोपं लावायला.
धाकटा पेटर मात्र गणवेश चढवून गेला.
मंडळीनं त्याचं नाव वहीतून काढलं,
इटलीत कुणीतरी ते दगडावर कोरलं.
घरात दोन्हींबद्दल बोलायची पद्धत नव्हती.

मग सत्त्याण्णवची रेड नदी.
उत्तरेला बर्फ अजून घट्ट,
आणि दक्षिणेकडून पाणी, शेतांवरून, घाई न करता,
घर माहीत असलेल्या पाहुण्यासारखं.
गावाभोवतीच्या बांधाला चार हजार पोती कमी
आणि फाटकाशी तीन हिरवे ट्रक.

वडीलजन प्रार्थनामंदिरात बसले.
लष्कराला तळघरात झोपू द्यायचं का?
गणवेशासकट?
दीड तास. कुणी प्लाउटडिचमध्ये म्हणालं,
बूट बाहेर काढले तर काय हरकत आहे,
आणि कुणी हसलं नाही.
बाबा पंच्याहत्तरीचे. काही बोलले नाहीत.
खुंटीवरची टोपी घेतली, फावडं घेतलं,
बांधावर गेले
आणि पाणी आणि गाव यांच्या मध्ये उभे राहिले.

रात्रभर त्यांच्या शेजारी एक कॉर्पोरल, तिबोदो.
ह्या हातातून त्या हातात पोतं,
त्या हातातून बांधावर.
पहाटे त्यानं नाव विचारलं.
'कोर्नेलियस? तो शताधिपती?
रोमन फौजेतला, देवाला भिणारा?'
पोतं हातातच राहिलं.
आमच्या गावात निम्मे पुरुष कोर्नेलियस,
पण बापाचं नाव सैनिकाचं आहे
हे मी तोवर ऐकलं नव्हतं.
बाबांनी पोतं पुढे केलं.
'तोच,' म्हणाले.

सकाळी मी कोबीचं सूप घेऊन तळघरात उतरले.
जिन्यावर बुटांच्या बावीस जोड्या, चिखलानं भरलेल्या,
पायरीपायरीवर नीट जोडून ठेवलेल्या.
दार आतून कुणी लावलं नव्हतं,
बाहेरूनही.

पुढच्या एप्रिलला बाबांनी पत्र तीनदा टाइप करून घेतलं.
'रस्ते, शाळा, दवाखाने' यापुढे घालायला लावलं, 'आणि पोती.'
मग म्हणाले, काढ.
मग म्हणाले, घाल, आणि लिही:
'बावीस जणांची एक रात्र,
तिचे डॉलरमागे किती सेंट होतात
ते कृपया कळवावं, म्हणजे तेवढे मी रोखणार नाही.'

जूनमध्ये उत्तर आलं, व्याज लावून.
विचारलं होतं त्याबद्दल काही नव्हतं.

ते पासबुक आता माझ्याकडे आहे.
त्या ऑगस्टपुढे पेन्सिलीचं एक अक्षर नाही,
नुसती खोडल्याची जागा.
कागद तिथं इतका विरलाय
की दिव्यासमोर धरलं
तर मागच्या पानावरचे आकडे
उलटे दिसतात.